साधनसंपत्ती ‘संपणार’ असल्याचे भाकीत कसे तपासावे

२०१६ च्या मे महिन्यात जालना जिल्ह्यातील माझ्या मामांनी बारा वर्षांची मोसंबीची बाग तोडली. विहिरीने तळ गाठला होता, टँकरचे पाणी परवडेनासे झाले होते, आणि मराठवाड्यात आता पाणी पुन्हा दिसणार नाही हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी होते. एप्रिलपासून मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा त्या वाक्यावर शंका घ्यावी असे कोणाच्या मनातही आले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असा कोसळला की मांजरा धरण भरले आणि मामांच्या सात परस (परस म्हणजे पुरुषभर खोली) विहिरीत पाणी काठापासून दीड परसावर आले. शेजारच्या शेतकऱ्याने झाडांची कठोर छाटणी करून आणि बुंध्याशी पाचट अंथरून शंभरेक झाडे कशीबशी जगवली होती. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा फळांवर आली. मामांनी बरीचशी बाग काढली ती पाणी नव्हते म्हणून, आणि तो निर्णय बरोबरच होता. मात्र शंभर झाडेसुद्धा ठेवली नाहीत, ती पाणी यापुढे कधीच येणार नाही असे वाटले म्हणून, आणि हे दुसरे कारण कोणीही तपासलेले नव्हते.

पाणी, तेल, धान्य, धातू, मासळी यांपैकी काहीतरी लवकरच संपणार आणि त्यापाठोपाठ समाजाची घडी विस्कटणार, असे भाकीत दर काही महिन्यांनी आपल्यासमोर येते. त्यातली काही भाकिते खरी असतात, म्हणून सगळीच झटकून टाकणे धोक्याचे आहे. पण मनाचा कल वाईटाकडे आधीच झुकलेला असल्यामुळे ती सगळी खरी मानणेही तितकेच महागात पडते. पुढे दिलेली रीत मी गेली काही वर्षे वापरत आहे.

वाक्य पूर्ण लिहून काढावे

पहिले काम कागदावर करायचे आहे. भाकितातील वाक्य घेऊन चार गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: काय संपणार, कुठे संपणार, कधीपर्यंत संपणार आणि ‘संपणे’ म्हणजे नेमके काय होणे. निती आयोगाच्या जून २०१८ च्या जलव्यवस्थापन निर्देशांकाच्या अहवालात दिल्ली, बंगळुरू, चेन्नई आणि हैदराबादसह २१ मोठ्या शहरांचे भूजल २०२० पर्यंत शून्यावर येईल आणि १० कोटी लोकांना त्याची झळ बसेल, असे म्हटले होते. पहिल्या तीन रकान्यांची उत्तरे या वाक्यात आहेत; गोंधळ आहे तो चौथ्यात. भूजलाचा उपसा वार्षिक पुनर्भरणाच्या १०० टक्क्यांपलीकडे गेला, याचा अर्थ दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी काढले जात आहे एवढाच होतो. आधीचे साचलेले पाणी खाली किती आहे, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. एखाद्याचा खर्च पगारापेक्षा जास्त आहे एवढे कळल्याने त्याच्या खात्यात किती शिल्लक आहे हे कळत नाही, तसेच हे आहे.

२०२० साल आले आणि गेले, आणि या शहरांतील कूपनलिका उपसा करतच राहिल्या. तरीही मधल्या काळात, जून २०१९ मध्ये, चेन्नईला पाणी पुरवणारे चार मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि लोकांना घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसावे लागले. म्हणजे संकट खरे होते. ते भाकितात सांगितले त्या रूपात आले नाही. ‘टंचाई’ आणि ‘संपणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवले, तर टंचाईच्या वर्षासाठी काय तयारी करायची हा प्रश्न तरी समोर येतो.

साठा आहे की ओघ, हे आधी ठरवावे

काही गोष्टी साठ्याच्या असतात, म्हणजे जेवढ्या काढल्या तेवढ्या कमी होतात. काही ओघाच्या असतात, म्हणजे दरवर्षी नव्याने येतात. आणि काहींत दोन्ही मिसळलेले असते. निराशेचे गणित बहुतेक वेळा ओघाच्या गोष्टीला साठा समजून मांडलेले असते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये. ती जागा उथळ आणि मर्यादित असल्यामुळे चांगल्या पावसात विहीर भराभर भरते आणि फेब्रुवारी-मार्चपासून तितक्याच वेगाने उतरते. अशा विहिरीकडे मे महिन्यात पाहून कायमचा निष्कर्ष काढणे म्हणजे अमावास्येच्या रात्री चंद्र संपला असे ठरवणे आहे.

मात्र त्याच शेतातल्या सहाशे-आठशे फुटांच्या बोअरचे गणित निराळे असते. काळ्या पाषाणातील खोल भेगांत पोहोचलेले पाणी फार सावकाश जमा होते, आणि ते उपसून टाकले तर एका पावसाळ्यात परत येत नाही. तेव्हा एकाच बांधावर उभे राहून उघड्या विहिरीबद्दल धीर धरता येतो आणि बोअरबद्दल काळजी करावी लागते. दोन्हींना मिळून ‘भूजल’ म्हटले की हा फरक नाहीसा होतो.

हे घरच्या घरी तपासता येते. दोरीला दगड बांधून दर परसावर गाठ मारावी, पावसाळा संपल्यावर एकदा आणि मेच्या शेवटी एकदा काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि ते तारखेसह लिहून ठेवावे. एकाच वर्षाची ऑक्टोबर आणि मे यांची तुलना करू नये, कारण तो फरक दरवर्षी पडणारच. ऑक्टोबरची तुलना आधीच्या ऑक्टोबरशी आणि मेची आधीच्या मेशी करावी. त्या सालचा पाऊसही शेजारी लिहावा. पाऊस बरा होऊनही ऑक्टोबरची पातळी चार-पाच वर्षे खाली सरकत असेल, तर मात्र चिंतेचे कारण खरे आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर याच पद्धतीने नियमित नोंदी घेते, आणि आपली नोंद तालुक्याच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

भागाकार उलगडून पाहावा

‘अमुक गोष्ट ५० वर्षांत संपेल’ हे वाक्य बहुधा एका साध्या भागाकारातून येते: ज्ञात साठा वर आणि वार्षिक वापर खाली. १९८० च्या अखेरीस जगातील खनिज तेलाचे सिद्ध साठे सुमारे ६८० अब्ज पिंपे होते आणि त्या वेळच्या वापराने भागले की उत्तर सुमारे ३० वर्षे येई, म्हणजे २०१० च्या आसपास तेल संपायला हवे होते. त्यानंतरच्या ४० वर्षांत जगाने १,००० अब्जांहून जास्त पिंपे जाळली, आणि तरीही २०२० च्या अखेरीस सिद्ध साठे सुमारे १,७३० अब्ज पिंपांवर आणि भागाकाराचे उत्तर ५० वर्षांच्या पुढे गेले होते. ‘सिद्ध साठा’ म्हणजे त्या दिवसाच्या किमतीला आणि त्या दिवसाच्या तंत्राने काढणे परवडेल असे सापडलेले तेल. किराणा दुकानाच्या फळीवर दहा दिवसांचा गूळ दिसतो म्हणून अकराव्या दिवशी गावातला गूळ संपत नाही.

अर्थात या वाढीचा काही भाग जपून घ्यायला हवा. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतील अनेक देशांनी १९८० च्या दशकात आपले साठे कागदावर एकदम वाढवले आणि त्यांची स्वतंत्र पडताळणी झाली नाही, शिवाय व्हेनेझुएला आणि कॅनडातील पुष्कळसे तेल जड आणि काढायला महाग आहे. म्हणून दोन्ही टोकांचे आकडे पाहावेत. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये सांगितले होते की अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखरावर पोहोचेल, आणि ते खरोखरच १९७० मध्ये शिखरावर पोहोचून उतरू लागले. जवळजवळ ४० वर्षे हे भाकीत अचूक वाटत होते. पुढे शेल खडकातून तेल काढण्याचे तंत्र पसरले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा उच्चांक ओलांडला. हबर्टचे गणित त्या काळी माहीत असलेल्या खडकांपुरते बरोबर होते. त्यामुळे कोणत्याही भागाकाराखाली ‘आजच्या किमतीला, आजच्या तंत्राने’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत आणि मग तो पुन्हा वाचावा.

भाकितातून वगळलेली माणसे शोधावीत

मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी ही आहे. भाकीत आणि त्याची मुदत यांच्या मधल्या काळात शेतकरी, अभियंते, गृहिणी, सरकार आणि व्यापारी स्वस्थ बसून राहतील असे बहुतेक भाकिते न बोलता गृहीत धरतात. १९६७ मध्ये विल्यम आणि पॉल पॅडॉक या अमेरिकन बंधूंनी १९७५ पर्यंत मोठे दुष्काळ येतील असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि वाचवता न येण्याजोग्या देशांत भारताची गणना केली. त्या वेळी हे वेडेपणाचे वाटत नव्हते. १९६५-६६ मध्ये देशात गव्हाचे उत्पादन जेमतेम १ कोटी ४ लाख टन झाले होते आणि अमेरिकेच्या गव्हाची जहाजे हाच आधार होता. परंतु त्यांचे पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या जातींचे गव्हाचे बियाणे भारतात उतरले होते. त्यामागे तेव्हाचे अन्न व कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचा राजकीय निर्णय होता, कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम होते, आणि पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांची नवे करून पाहण्याची तयारी होती. १९७१-७२ मध्ये गव्हाचे उत्पादन २ कोटी ६४ लाख टनांवर पोहोचले.

महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही घराघरांत सांगितली जाते: लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, खडी फोडणारे हात. त्या आठवणीत हाल पुरेपूर आहेत, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती आणि त्यांच्या हाती मजुरी पडत होती, म्हणूनच १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये जसे माणसांचे थवेच्या थवे मेले तसे या वेळी झाले नाही. पावसाने दोन्ही वेळा दगा दिला होता. फरक पडला तो कामाचा हक्क मागणाऱ्या लोकांमुळे आणि तो मान्य करणाऱ्या शासनामुळे, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. समाज कोसळेल की नाही याचा विचार करताना पर्जन्यमानाच्या आकड्याइतकाच कामावरच्या माणसांचा आकडाही विचारात घ्यायला हवा.

माणसे हलतात ती कधीकधी भाकितामुळेच हलतात, हेही ध्यानात ठेवावे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराने २०१८ च्या सुरुवातीला ‘शून्य दिवस’ जाहीर केला. धरणांतील साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद करून लोकांना रांगेत पाणी द्यायचे, असे ठरले होते. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरांची मर्यादा आली. लोकांनी अंघोळीचे पाणी बादलीत धरून संडासात वापरले, शहराने नळांचा दाब कमी केला, आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्या वाट्याचे पाणी शहरासाठी सोडले. २०१५ मध्ये दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर असलेला शहराचा वापर निम्म्याच्या आसपास उतरला, मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि पावसाळा येईपर्यंत तो दिवस उगवला नाही. या भाकिताला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. ‘असेच चालू राहिले तर’ या अटीसह ते दिले गेले होते आणि लोकांनी ती अट मोडली. म्हणून भाकीत वाचताना ही अट त्यात स्पष्ट आहे का हे पाहावे, आणि नसेल तर आपण घालून वाचावे.

जिथे कोणी हलणार नाही, तिथे काळजी वाढवावी

वरच्या पायरीचा उपयोग केवळ धीर येण्यासाठी केला तर तो अर्धवट राहील. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड मासळीचे उदाहरण मी स्वतःला मुद्दाम आठवून देतो. १९६८ मध्ये तिथे सुमारे ८ लाख टन मासळी पकडली गेली. पुढे किनाऱ्याजवळच्या छोट्या मच्छीमारांना १९८० च्या दशकात जाळ्यात कमी मासे येताना दिसू लागले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले, परंतु मोठे ट्रॉलर उरलेले थवे यंत्राने शोधून काढत असल्यामुळे एकूण पकड बरी दिसत राहिली आणि सरकारी अंदाज आशावादी राहिले. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारला मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार एका झटक्यात गेला, आणि ती बंदी ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, अगदी मर्यादित प्रमाणात उठली.

इथे भाकीत खरे ठरले, कारण मासा कमी होतो आहे हे कोणाला किमतीतून जाणवत नव्हते आणि आपण सोडलेला मासा दुसरा नेणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून तीन प्रश्न विचारावेत: वस्तू कमी होऊ लागली की तिची किंमत वापरणाऱ्याला वाढलेली दिसते का, ती राखण्याची जबाबदारी कोणावर आहे, आणि घट होत असल्याचे वेळेवर कळते का. तांब्याबाबत तिन्हींची उत्तरे बरीच समाधानकारक येतात. खोल बोअरच्या पाण्याबाबत तसे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे पाणी शंभर फूट खाली गेले तरी बिलात काही दिसत नाही, आणि माझा बोअर आटतो तो शेजाऱ्याने अधिक खोल घेतला म्हणून की पाऊस कमी झाला म्हणून, हे कोणी सांगू शकत नाही. पंजाबातील ज्या गहू-भाताने देश तारला, त्याचे ओझे आज तिथल्या भूजलावर पडले आहे. तेलाबाबतही खरी चिंता उलट्या टोकाला आहे: जमिनीखालचे तेल संपण्याआधी त्याचा धूर सामावून घेण्याची वातावरणाची क्षमता अपुरी पडते आहे, आणि त्या हवेला ना किंमत आहे ना मालक.

कोसळलेल्या संस्कृतीची गोष्ट ऐकताना

अशा भाकितांना जोड म्हणून एखाद्या बेटाची किंवा नगराची गोष्ट येतेच. प्रशांत महासागरातील रापा नुई अर्थात ईस्टर बेटावरील लोकांनी झाडे तोडून स्वतःचा विनाश ओढवून घेतला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. बेटावरील जंगल नाहीसे झाले हे खरे आहे. पण १७२२ मध्ये डच जहाजे तिथे पोहोचली तेव्हा काही हजार लोक तिथे शेती करून राहत होते. लोकसंख्येचा खरा घात झाला तो १८६२-६३ मध्ये, जेव्हा पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे पळवली आणि परतलेल्या मोजक्या लोकांबरोबर देवीची साथ आली; १८७७ मध्ये बेटावर १११ रहिवासी उरले होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासातही युरोपीय येण्याआधी लोकसंख्या कोसळल्याची खूण मिळाली नाही. गोष्ट ऐकताना लोकसंख्येचे आकडे कोणत्या सालचे आहेत आणि बाहेरून कोण आले होते, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुरते.

स्वतःच्या मनाची नोंद ठेवावी

जे सहज आठवते ते वारंवार घडते असे मनाला वाटते, हे अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. रेल्वेने आलेल्या पाण्याचे छायाचित्र सर्वांना आठवते. त्याच वर्षी भरलेल्या धरणाचे छायाचित्र मला कोणाच्याही संग्रहात दिसलेले नाही. यावर एकच इलाज मला लागू पडला आहे: पटलेले भाकीत तारखेसह वहीत लिहावे, ते खरे ठरण्याची शक्यता शंभरात किती वाटते हा आकडा लिहावा, आणि मुदत संपल्यावर तेच पान उघडावे.

टंचाईची भाकिते करणारे जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक आणि ती न मानणारे अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८० मध्ये हेच पैज लावून केले. तांबे, क्रोमियम, निकेल, कथिल आणि टंगस्टन या पाच धातूंचे मिळून १,००० डॉलरचे कागदी वाटे पाडले आणि दहा वर्षांनी महागाई वजा करून किंमत वाढली तर सायमन यांनी आणि घटली तर अर्लिक यांनी फरक भरायचा असे ठरवले. पाचही धातू स्वस्त झाले आणि १९९० मध्ये अर्लिक यांनी ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवला. हीच पैज दुसऱ्या अनेक दशकांत लावली असती तर अर्लिक जिंकले असते, म्हणून तिच्यावरून आशावाद सिद्ध होत नाही. पण कोण काय म्हणाले होते याबद्दल वाद घालायला जागा उरली नाही, आणि वहीचा उपयोग तेवढाच आहे.

मामांकडे आता अशी वही आहे. डाव्या पानावर मे, उजव्या पानावर ऑक्टोबर, मध्ये त्या सालचा पाऊस, आणि मागच्या बाजूला बोअरची पातळी वेगळी. विहिरीच्या पानांवर आकडे वरखाली होत राहिले आहेत. बोअरच्या पानावर ते सलग खाली उतरले आहेत. त्यांनी नवी बाग लावली ती विहिरीच्या सर्वांत वाईट मेमध्ये जेवढी झाडे जगतील तेवढीच, म्हणजे ऐंशी, आणि बोअरची मोटर पावसाळ्यानंतर होळीपर्यंत सुरू करायची नाही असे ठरवून टाकले आहे.